फिरलेले देऊळ आणि विकत घेतलेली कथा

मनोरंजन उद्यानात नवे आकर्षण उभारताना त्यासाठी स्वतंत्र कथा रचावी, की लोकांच्या मनात आधीच घर करून बसलेली कथा करार करून विकत घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता व्यवसायाचा आहे. परंतु कथा ही वस्तू विकता-घेता येण्यासारखी आहे काय, आणि ती विकत घेणाऱ्याचे तिच्याशी नेमके कोणते नाते जुळते, असे विचारू लागले की हाच प्रश्न धर्मविचाराच्या प्रांतात जाऊन पोहोचतो. महाराष्ट्रात तीर्थक्षेत्रांच्या शेजारी आता उद्याने, देखावे आणि प्रकाश-ध्वनी खेळ उभे राहत आहेत. संतचरित्रे आणि पुराणकथा याच त्यांचा विषय असल्यामुळे हा प्रश्न परदेशी कंपन्यांपुरता राहिलेला नाही. हिंगोली जिल्ह्यात, जिथे औंढा नागनाथाचे देऊळ आणि नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी ही दोन ठिकाणे एकाच कथेच्या दोन टोकांसारखी आहेत, तिथे तर त्याचा विचार विशेष काळजीने करावा लागतो.

या व्यवसायात ‘फ्रँचायझी’ या नावाने जी गोष्ट ओळखली जाते ती म्हणजे केवळ एक चित्रपट किंवा एक पुस्तक नव्हे, तर त्यातील पात्रे, त्यांची नावे, वेशभूषा, संगीत, बोधचिन्हे आणि पुढे निघू शकणारे सर्व भाग, खेळणी व कपडे यांवरचा एकत्रित हक्क होय. डिस्नी कंपनीने 2006 मध्ये पिक्सार, 2009 मध्ये मार्व्हल आणि 2012 मध्ये लुकासफिल्म विकत घेतली, आणि 2019 मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या विश्वावर बेतलेले विस्तीर्ण विभाग तिच्या कॅलिफोर्निया व फ्लोरिडातील उद्यानांत सुरू झाले. याच कंपनीच्या इतिहासात उलट दिशेचेही उदाहरण आहे. चाच्यांच्या जगातून होडीने नेणारे 1967 चे आकर्षण कोणत्याही चित्रपटावर आधारलेले नव्हते. ते आधी उद्यानातच जन्मले आणि त्यावरचा पहिला गाजलेला चित्रपट 2003 मध्ये आला. महाराष्ट्रात खोपोलीजवळ 2013 मध्ये सुरू झालेल्या ‘इमॅजिका’ने दोन्ही वाटा चोखाळल्या: तिथे 1987 च्या ‘मिस्टर इंडिया’ या हिंदी चित्रपटावर आधारलेली सफर आहे आणि अलिबाबाच्या, कोणाचीही मालकी नसलेल्या जुन्या गोष्टीवर आधारलेलीही आहे.

विकत घेतलेल्या कथांविरुद्ध नेहमी केली जाणारी तक्रार अशी की त्यामुळे नवनिर्मिती खुंटते. ही तक्रार मराठी परंपरेच्या कसोटीवर फारशी टिकत नाही. मराठी वाङ्मयाचा आणि लोककलांचा मोठा भाग घेतलेल्या कथांवरच उभा आहे. एकनाथांनी रामकथा घेतली, श्रीधराने ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ रचताना कृष्णकथा व महाभारतकथा घेतली, आणि सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथी आपल्या चित्रांच्या पोथ्या पुढे ठेवून त्याच कथा पिढ्यान्‌पिढ्या गात आले. हिंगोली शहराच्या सार्वजनिक दसरा महोत्सवाला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगितली जाते आणि त्यात रामलीला होते. तिथे जमणाऱ्या प्रत्येक माणसाला रावणाचे काय होणार हे आधीपासून ठाऊक असते, तरीही गर्दी ओसरत नाही. कथा परिचित असणे हा दोष असता तर कीर्तनसंस्था पहिल्याच शतकात संपली असती. तेव्हा आक्षेप घ्यायचाच असेल तर तो कथा उसनी आहे यावर घेता येणार नाही. ती कोणत्या नात्याने घेतली यावर घ्यावा लागेल.

या नात्याचा विचार करण्यासाठी भारतीय परंपरेत एक जुनी कल्पना उपलब्ध आहे. तैत्तिरीय संहितेत असे म्हटले आहे की ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो, ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. त्यांपैकी ऋषिऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने, फिटते. मूळ विधान एका वर्णापुरते आहे हे विसरता कामा नये, आणि ते तसे असल्यामुळेच पुढे संतांना ज्ञानाची वाट सर्वांसाठी मोकळी करावी लागली. परंतु त्यामागचा विचार वर्णापलीकडे जाणारा आहे. ज्ञान आणि कथा माणसाकडे मत्ता म्हणून येत नाहीत, देणे म्हणून येतात. ते देणे मूळ धन्याला परत करायचे नसते, ते पुढच्याला देऊनच फिटते. विक्रीच्या व्यवहारात नेमके उलटे घडते. किंमत चुकती झाली की घेणाऱ्यावर काहीही शिल्लक राहत नाही, आणि ज्याच्यावर काहीच शिल्लक नाही त्याला ती कथा हवी तेव्हा बंद करता येते, हवी तशी वळवता येते आणि इतरांनी ती सांगू नये असेही सांगता येते. ऋणकोला कथा पुढे द्यावीच लागते. मालकाला मात्र ती अडवून धरण्याचा अधिकार मिळतो, आणि फ्रँचायझीच्या अर्थकारणात हा अडवण्याचा अधिकारच सर्वांत मौल्यवान असतो.

काव्यशास्त्रातूनही या मताला आधार मिळतो. भट्टनायकाने मांडलेली आणि काश्मीरच्या अभिनवगुप्ताने दहाव्या-अकराव्या शतकाच्या संधिकाळात विकसित केलेली ‘साधारणीकरण’ ही संकल्पना असे सांगते की नाट्यातील दुःख वा प्रेम हे जोवर ‘माझे’, ‘त्याचे’ किंवा ‘शत्रूचे’ म्हणून अनुभवले जाते तोवर त्याचा रस होत नाही; या सर्व व्यक्तिगत संबंधांपासून सुटून ते सर्वांचे झाले म्हणजेच आस्वाद शक्य होतो. या दृष्टीने ज्या कथेवर मालकाचा शिक्का सतत दिसतो ती रसाला प्रतिकूल ठरायला हवी. पण इथे प्रामाणिकपणे एक अडचण मान्य केली पाहिजे. सफरीच्या गाडीत बसलेल्या मुलाला करार दिसत नाही. त्याचा आनंद आणि त्याची भीती त्या क्षणी पूर्णपणे साधारणीकृत असते, आणि तो आनंद खोटा आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही शास्त्राला नाही. मालकीचा परिणाम त्या क्षणानंतर जाणवतो. घरी परतलेले मूल ती कथा आपल्या शब्दांत सांगते, तिच्यात भर घालते, गल्लीतल्या मित्रांना घेऊन ती खेळते, तोवर ती कथा जिवंत असते. परंतु गावातल्या नाटकमंडळीने तीच पात्रे घेऊन तिकीट लावून खेळ केला की कायदा आडवा येतो. भारतात वाङ्मयीन कृतीवरचा हक्क लेखकाच्या हयातीनंतर 60 वर्षांनी संपतो, पण बोधचिन्हावरचा हक्क दर 10 वर्षांनी नूतनीकरण करून अनिश्चित काळ चालू ठेवता येतो. मिकी माउसचा 1928 चा पहिला बोलपट 1 जानेवारी 2024 रोजी अमेरिकेत सर्वांसाठी खुला झाला, तरी त्या उंदराचे बोधचिन्ह म्हणून असलेले संरक्षण संपलेले नाही.

आता औंढ्याकडे वळावे. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला आणि औंढा नागनाथ हे त्यातील एका तालुक्याचे ठिकाण आहे. तेथील हेमाडपंती देवळाचा खालचा, शिल्पांनी भरलेला भाग यादवकालीन मानला जातो आणि वरचा भाग नंतरच्या पुनर्बांधणीचा आहे. गाभारा जमिनीच्या पातळीखाली असून तिथे उतरून, वाकून जावे लागते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी नागेश ते हेच अशी मराठी भाविकांची श्रद्धा आहे, तर गुजरातेत द्वारकेजवळचे नागेश्वर आणि उत्तराखंडातील जागेश्वर यांच्याविषयीही तीच श्रद्धा आहे. एकाच कथेवर तीन ठिकाणांनी हक्क सांगावा आणि शतकानुशतके तिन्ही ठिकाणची यात्रा सुखाने चालावी, ही गोष्ट मालकीच्या कायद्यात बसत नाही. धर्माच्या व्यवहारात मात्र ती इतकी स्वाभाविक आहे की भाविकाला तिच्यात काही वावगे वाटतच नाही.

या देवळाची सर्वांत प्रसिद्ध कथा नामदेवांची आहे. शिंपी जातीत जन्मलेले नामदेव देवळासमोर कीर्तन करीत असता पुजाऱ्यांनी त्यांना तिथून हटवले, ते देवळाच्या मागच्या बाजूस जाऊन कीर्तन करू लागले, आणि तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, असे परंपरा सांगते. देवळात नंदी नेहमीप्रमाणे समोर नसून मागे आहे, याचेही कारण लोक हेच देतात. महिपतीने 1762 मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तिविजया’ने संतचरित्रे घरोघरी पोहोचवली. पण फिरलेल्या देवळाची कथा महिपतीच्या कितीतरी आधी पंजाबात पोहोचली होती, कारण शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असलेल्या नामदेवांच्या 61 पदांत हा प्रसंग आलेला आहे, आणि तिथे औंढ्याचे नाव नाही. कर्नाटकात उडुपीच्या कृष्णमंदिराविषयी याच साच्याची कथा सोळाव्या शतकातील कनकदासांच्या नावाने सांगितली जाते: दाराशी अडवलेल्या त्या भक्ताला दर्शन देण्यासाठी कृष्णाची मूर्ती पश्चिमेकडे वळली आणि भिंतीतील ज्या फटीतून त्यांनी दर्शन घेतले तिथे आज ‘कनकनकिंडी’ ही खिडकी आहे. औंढ्याशीच जोडलेल्या दुसऱ्या कथेत नामदेवांचे गुरू विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले आढळतात आणि ते पाय जिथे हलवावेत तिथे लिंग प्रकटते. गुरू नानकांच्या जन्मसाख्यांत हाच आशय मक्केच्या प्रसंगात येतो. भाषा, धर्म आणि प्रांत ओलांडून या कथा गेल्या. त्यांच्या प्रवासाच्या कोणत्याही टप्प्यावर कोणी कोणाकडे परवानगी मागितली नाही, आणि तरीही त्या भ्रष्ट झाल्या नाहीत. प्रत्येक ठिकाणी त्या तेथील अडवलेल्या माणसाच्या बाजूने उभ्या राहिल्या.

नामदेवांचे नावसुद्धा अशाच वाटेने गेले आहे. अभंगाच्या शेवटी कवीचे नाव गुंफण्याची जी रीत आहे तिला नाममुद्रा म्हणतात. आधुनिक दृष्टीला ती कर्त्याची सही वाटते. परंतु नामदेवगाथेत ‘नामा’ या मुद्रेचे जे अभंग आहेत त्यांत चौदाव्या शतकातील नामदेवांबरोबर सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा आणि आणखी कितीतरी अज्ञात कवींच्या रचना मिसळलेल्या आहेत, हे अभ्यासकांनी दीर्घकाळ दाखवून दिले आहे. ख्रिश्चन नोवेत्झके यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नामदेवांवरील ग्रंथात या गोष्टीकडे दोष म्हणून न पाहता, कीर्तनाच्या परंपरेत कर्तृत्व अनेकांनी मिळून वाहिले जाते असा तिचा अर्थ लावला. जनाबाई आपल्या अभंगांत स्वतःला नामयाची दासी म्हणवते, म्हणजे तिची ओळखही त्याच नावाच्या आश्रयाने उभी राहते. ज्याने नामदेवांचे नाव घेऊन अभंग रचला त्याने ते नाव बळकावले नाही. आपले शब्द त्याने त्या नावाच्या पदरात टाकले आणि स्वतः मागे सरला. बोधचिन्हाचा हक्क ज्या वृत्तीतून जन्मतो तिच्या इतकी विरुद्ध वृत्ती दुसरीकडे सापडणे कठीण आहे. चिकित्सक संपादकांना यामुळे मोठा त्रास झाला, हे खरे. पण त्याच मोकळेपणामुळे नामदेव घुमानपर्यंत पोहोचले, आणि 2015 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला पंजाबातील त्या गावी जाता आले.

अशा कथेचे आकर्षण उभारायचे झाले तर काय होईल, हा प्रश्न केवळ काल्पनिक राहिलेला नाही, कारण महाराष्ट्रात तसे प्रयोग झालेले आहेत. शिर्डीत ‘साईतीर्थ’ नावाचे भक्तिविषयक उद्यान आहे आणि त्यात लंकादहनाचा त्रिमितीय खेळ दाखवला जातो. शेगावात संत गजानन महाराज संस्थानाने ‘आनंदसागर’ उभारले. पुण्याजवळ आंबेगावात शिवचरित्रावरील ‘शिवसृष्टी’चा पहिला टप्पा फेब्रुवारी 2023 मध्ये खुला झाला. यंत्राने देव दाखवणे हेच मुळात अनुचित, अशी काहींची भूमिका असते. ती मान्य करता येत नाही. नाशिक जिल्ह्यात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1917 मध्येच ‘लंकादहन’ पडद्यावर आणले होते, आणि पडद्यावरील रामाला लोकांनी हात जोडले होते. कीर्तनकाराचा आवाज, चित्रकथ्याचे चित्र, फाळक्यांची फिल्म आणि आजचा त्रिमितीय पडदा या एकाच देण्याच्या परतफेडीच्या निरनिराळ्या रीती होऊ शकतात.

खरी अडचण अन्यत्र आहे, आणि ती दोन प्रकारची आहे. पहिली श्रोत्याच्या स्थानाविषयी आहे. कीर्तनात श्रोता टाळी देतो, नामघोष उचलतो, कधी मध्येच उठून नाचू लागतो, आणि कीर्तनकाराला त्याप्रमाणे कथा लांबवावी वा आवरावी लागते. आषाढी वारीनंतर वद्य एकादशीला नरसीत जी परतवारी भरते तिच्यात येणारा माणूस प्रेक्षक नसतोच, तो स्वतःच त्या सोहळ्याचा भाग असतो. औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेतील रथोत्सवातही लोक रथाभोवती केवळ उभे राहत नाहीत. उद्यानातील सफरीत माणूस पट्ट्याने बांधला जातो, गाडी त्याला ठरलेल्या क्षणी ठरलेल्या दृश्याकडे वळवते, आणि त्याच्या प्रतिसादाने त्या दृश्यात तसूभरही फरक पडत नाही. हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात आकाशपाळणाही असतो आणि रामलीलाही असते, पण आकाशपाळणा आपण रामकथा सांगतो असा आव आणत नाही. पोटात गोळा आणणारा आनंद आणि कथेचा आनंद एका उत्सवात शेजारी नांदतात व कोणीही दुसऱ्याची जागा घेत नाही. या जुन्या रचनेत जी समज आहे ती नव्या उद्यानांच्या आराखड्यांत अभावानेच आढळते. औंढ्याच्या कथेत देऊळ माणसाकडे वळले होते. सफरीत माणसाला देवळाकडे वळवले जाते. यंत्राची ही मर्यादा कोणाच्या वाईट हेतूची खूण नाही, पण ती ओळखून केलेली रचना आणि तिच्याकडे डोळेझाक करून केलेली रचना यांत फार अंतर पडते.

दुसरी अडचण दाराची आहे, आणि या विशिष्ट कथेच्या बाबतीत ती निर्णायक आहे. फिरलेल्या देवळाची कथा चमत्काराची असली तरी तिचा विषय चमत्कार नाही. कोणाला समोर उभे राहता येते आणि कोणाला मागे जावे लागते, हा तिचा विषय आहे. ती दगडाचे देऊळ हलताना दाखवणाऱ्या उत्तम यंत्रणेने सांगितली, ध्वनी गाभाऱ्यात घुमावा तसा घुमवला, आणि त्या खेळाच्या दाराशी असे तिकीट ठेवले की कयाधू नदीच्या काठच्या गावातील शेतमजुराला आपल्या लेकरांसह आत जाणे परवडू नये, तर तो खेळ आपल्याच आशयाला खोटे पाडील. रामकथेचा किंवा एखाद्या साहसकथेचा खेळ महाग असला तर तो फक्त महाग असतो. ही कथा महाग झाली की ती पुजाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभी राहते. चोखामेळ्याला देवळाबाहेर राहावे लागले होते, आणि मंगळवेढ्याहून त्याच्या अस्थी नामदेवांनीच पंढरपुरी आणल्या असे परंपरा मानते. त्या नामदेवांच्या नावाने उभारलेल्या कुंपणाचे समर्थन कोणत्याही जमाखर्चाने होऊ शकत नाही.

यावर जे उत्तर दिले जाते ते हलके नाही. हिंगोली हा कोरडवाहू शेतीवर अवलंबून असलेला, मोठे उद्योग फारसे नसलेला जिल्हा आहे. तिथल्या तरुणांना काम हवे आहे, आणि मोठे आकर्षण उभारण्यास लागणारे भांडवल केवळ भक्तिभावाने जमत नाही. गुंतवणूकदाराला परतावा हवा, आणि परताव्यासाठी त्याला काहीतरी असे हवे जे दुसऱ्याकडे नाही. ‘इमॅजिका’सारखे मोठे उद्यानसुद्धा कर्जाच्या ओझ्यातून जाऊन 2022 मध्ये नव्या मालकांकडे गेले, यावरून या धंद्यातील जोखीम किती खरी आहे ते दिसते. हे सर्व मान्य करूनही एक भेद राखता येतो. इमारतीवर, यंत्रावर, चित्रकाराच्या नव्या चित्रावर आणि संगीतकाराच्या नव्या चालीवर मालकी असणे न्याय्य आहे, कारण तिथे कोणाचे तरी श्रम आहेत आणि त्या श्रमांचा मोबदला बुडवणे हेही ऋण बुडवणेच आहे. ज्या कंपनीने स्वतःच्या कल्पनेतून चाच्यांचे जग घडवले तिने त्यावर हक्क सांगावा आणि दुसऱ्याने तो विकत घेऊन आकर्षण उभारावे, यातही धर्मदृष्ट्या आक्षेपार्ह काही नाही. मुंबईच्या मुलाने ‘मिस्टर इंडिया’च्या सफरीत मनमुराद हसावे. आक्षेप तिथे सुरू होतो जिथे हाच नमुना सर्वांच्या कथेला लावला जातो आणि नव्या चित्रावरचा हक्क हळूहळू पसरत जाऊन नावावर, प्रसंगावर आणि चरित्रावर पडतो.

कायद्याने नामदेवांचे अभंग कोणाचेच नाहीत आणि म्हणून सर्वांचे आहेत, त्यामुळे ते कोणी विकत घेईल अशी भीती नाही. भीती अधिक बारीक आहे. एका विशिष्ट रूपातील नामदेव, एका विशिष्ट आवाजातील कीर्तन आणि एका विशिष्ट आराखड्यातील फिरणारे देऊळ नोंदणीकृत होते, फलकांवर व खेळण्यांवर छापले जाते, आणि काही वर्षांत लोकांच्या मनात तेच एकमेव रूप उरते. दूरदर्शनवरील 1987 च्या ‘रामायण’ मालिकेनंतर अनेक घरांत राम म्हणजे एका नटाचा चेहरा झाला, तसे. मग पंजाबातील पदांत असलेले नामदेव, विष्णुदास नाम्याच्या शब्दांत मिसळलेले नामदेव, जनाबाईच्या ओवीतले नामदेव यांना उभे राहायला जागा उरत नाही. म्हणून औंढ्यात किंवा नरसीत असे काही उभे राहायचे असेल तर कथा विकत घेतलेली आहे की स्वतंत्र, यापेक्षा करारातील एकच कलम अधिक काळजीने वाचावे लागेल: उद्यानातील नामदेवांचे नाव, रूप आणि प्रसंग यांवर अनन्य हक्क मागणारे. ते कलम राहिले तर सेनगाव तालुक्यातील एखाद्या भजनी मंडळाला आपल्या पत्रकावर फिरलेल्या देवळाचे चित्र छापण्यापूर्वी वकिलाला विचारावे लागेल, आणि ते कलम काढल्यावरही जो गुंतवणूकदार पैसे घालायला तयार असेल त्याच्याशीच पुढचे बोलणे करणे योग्य होईल.